कोरडवाहू कपाशीत गळफांदी काढावी, शेंडा खुडावा की वाढरोधक फवारावे?

घाटंजी तालुक्यातील एका तरुण कास्तकाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. तीन एकर मध्यम काळी जमीन, पाणी केवळ पावसाचे, बीटी संकरित कपाशी 4 बाय 1 फुटांवर, आणि कपाशीच्या दर आठ ओळींनंतर तुरीची एक ओळ. पेरणी जूनच्या तिसऱ्या आठवड्यातील असून पीक आता सव्वा महिन्याचे झाले आहे. गावात एक जण गळफांद्या, म्हणजे खोडाच्या बुडाकडून सरळ वर जाणाऱ्या फांद्या, कापायला सांगतो, दुसरा वाढरोधकाची फवारणी सुचवतो, तिसऱ्याचे म्हणणे असे की पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडाला, हात लावण्याची गरजच नाही, फक्त पुढे शेंडा खुडावा. यांतली सर्वांत चांगली पद्धत कोणती, आणि तुरीच्या ओळीलाही तीच लावावी काय?

मी हिंगणघाट परिसरात अनेक वर्षांपासून कपाशी आणि तूर करतो आणि या तिन्ही पद्धती वेगवेगळ्या वावरांत वापरत आलो आहे. माझे पहिले म्हणणे असे की या तीन पद्धती एकमेकींना पर्याय नाहीत. गळफांदी काढल्याने झाडाचा घेर कमी होतो, शेंडा खुडल्याने नवी पाती (फुलाच्या कळ्या) लागणे थांबते, आणि वाढरोधकाने पुढील पेरे (खोडाच्या दोन गाठींमधले भाग) आखूड राहतात. ही तीन वेगळी कामे असून त्यांची वेळही वेगळी आहे. म्हणून आधी हे ठरवावे लागते की आपल्या वावरात कमतरता कशाची आहे: उजेडाची, ओलीची की दिवसांची. जेथे ज्याची कमतरता नाही, तेथे ती भरून काढणारी पद्धत केवळ मजुरी वाढवते.

उजेडाचा हिशेब अंतरावरून सुरू होतो. 4 बाय 1 फुटांवर एकरी 10,890 झाडे बसतात. 3 बाय 3 फुटांच्या जुन्या चौफुलीवर 4,840 बसत. एका झाडाला 25 बोंडे लागली आणि बोंडातून सरासरी 4 ग्रॅम कापूस निघाला असे धरले, तर 10,890 झाडांतून एकरी सुमारे 10.9 क्विंटल कापूस येतो. चौफुलीवर तेवढाच कापूस हवा असेल तर प्रत्येक झाडाने 56 बोंडे धरली पाहिजेत, आणि एवढी बोंडे धरायला झाडाला आडवा पसारा लागतोच. म्हणून ज्यांनी विरळ लागवड केली आहे त्यांनी गळफांद्या कापणे म्हणजे आपल्याच झाडाची बोंडे धरण्याची जागा काढून टाकणे होय. तुमच्या अंतरावर हिशेब उलट आहे. 25 बोंडे धरायला मुख्य खोडावरच्या फळफांद्या पुरतात, आणि ओळीत झाडे एका फुटावर असल्यामुळे गळफांद्या शेजारच्या झाडात घुसून खालच्या फांद्यांवर सावली धरतात. शेजाऱ्याला फायदा झाला म्हणून तो आपल्याला होईलच असे नाही, हे मी याच कारणासाठी म्हणतो. त्याने कोणत्या अंतरावर केले ते आधी विचारावे.

आता फांदी ओळखण्याचे. यावर मी जरा थांबणार आहे, कारण मजुरांकडून नेमकी येथेच गफलत होते. गळफांदी खोडाच्या खालच्या पेऱ्यांतून निघते, खोडाशी अरुंद कोन करून सरळ वर जाते आणि तिला मुख्य खोडासारखा स्वतःचा शेंडा असतो. तिच्या पेऱ्यांवर थेट पाते लागत नाही. तिला आधी स्वतःच्या लहान फळफांद्या फुटाव्या लागतात आणि मग त्यांच्यावर पाती येतात, त्यामुळे तिची बोंडे मुख्य खोडाच्या बोंडांपेक्षा उशिरा तयार होतात. फळफांदी आडवी निघते, प्रत्येक पेऱ्यावर थोडी वळत नागमोडी वाढते, आणि प्रत्येक पानासमोर एक पाते दिसते. पहिली फळफांदी साधारण सहाव्या-सातव्या पेऱ्याच्या आसपास निघते. तिच्याखालच्या जोमदार फांद्या गळफांद्या समजाव्यात. काही वाणांत पहिली फळफांदी याहून खाली येते आणि काहींत वर जाते, म्हणून पेरे मोजून कापू नये. पाते दिसले की ती फांदी ठेवायची, एवढे एकच सांगणे मजुरांना पुरते. शंका असलेली फांदी सोडून द्यावी आणि आठ दिवसांनी पुन्हा पाहावी.

कापण्याची वेळ माझ्या अनुभवात पेरणीनंतर 35 ते 45 दिवसांची आहे. याआधी फांदी पुरती ओळखू येत नाही. यानंतर ती अंगठ्याएवढी जाड होते, झाडाने तिच्यावर बरेच अन्न खर्च केलेले असते, आणि कापल्यावर खोडाला मोठी जखम राहते. सिकेटर किंवा धारदार कात्रीने खोडाजवळ कापावी. हाताने ओढून मोडली तर खोडाची साल निघते. ज्या पानाच्या बगलेतून फांदी निघते ते खोडाचे मोठे पान मात्र काढू नये, कारण खालच्या पानांचे अन्न या काळात मुळांना आणि पहिल्या पात्यांना मिळते. काम वाफसा आल्यावर, उघडीप असताना करावे. भर पावसात किंवा पाणी साचलेल्या वावरात झाडावर आधीच ताण असतो, त्यात ही जखम नको. गळफांदी काढणे आणि पुढे शेंडा खुडणे ही जोडी आपल्याकडे दादा लाड तंत्र या नावाने पोहोचली आहे. तिच्यातही कमी अंतरावरची लागवड हा पायाच आहे, आणि गावोगावी सांगताना नेमका तोच भाग गळून जातो.

या कामाची अडचण मजुरांची आहे, आणि ती लहान नाही. हेच दिवस निंदणाचे आणि डवरणीचे असतात. निंदण मागे पडणार असेल तर गळफांद्यांचे काम बाजूला ठेवावे असेच मी सांगेन. तणाने खाल्लेले खत फांदी कापून परत मिळत नाही. दोन्ही कामे एका मजुरीत उरकावीत असेही वाटते, पण निंदणारी बाई खाली पाहत असते आणि कापणारीला झाड निरखावे लागते. दोन्ही एकत्र केली की दोन्ही अर्धवट होतात.

शेंडा खुडण्यामागचे कारण वेगळे आहे. मुख्य शेंडा वाढत असतो तोवर झाडाचे बरेचसे अन्न वर जाते आणि दर दोन-तीन दिवसांनी नवा पेरा येत राहतो. खोडावर एका फळफांदीचे पहिले पाते लागल्यावर तिच्या वरच्या फांदीचे पहिले पाते सुमारे 3 दिवसांनी येते, तर त्याच फांदीवरील दुसरे पाते सुमारे 6 दिवसांनी. पात्याचे फूल व्हायला साधारण तीन आठवडे आणि फुलाचे बोंड फुटायला 45 ते 55 दिवस लागतात, थंडी वाढली तर आणखी जास्त. आता तारखा मांडून पाहा. 10 सप्टेंबरला दिसलेल्या पात्याचे फूल ऑक्टोबरच्या आरंभी उमलेल आणि बोंड नोव्हेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फुटेल. विदर्भातून पाऊस ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात परततो. त्यानंतर मध्यम जमिनीत जी ओल उरते तिच्यावर हे बोंड कसेबसे भरेल. 25 सप्टेंबरच्या पात्याला मात्र ती बहुधा पुरणार नाही. ते एकतर गळेल, नाहीतर कवडी (नीट न फुटलेले, अर्धवट भरलेले) बोंड देऊन जाईल. म्हणून कोरडवाहू शेतात जूनच्या तिसऱ्या आठवड्यातील पेरणीला 75 ते 85 दिवसांच्या दरम्यान, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, शेंडा खुडणे मला योग्य वाटते. पोळा कधी ऑगस्टमध्ये तर कधी सप्टेंबरमध्ये येतो, म्हणून केवळ पोळ्यावरून दिवस ठरवू नये. उंचीचा अंदाज तीन ते साडेतीन फूट सांगितला जातो आणि तो ठीक आहे, पण उंचीपेक्षा एक चांगली खूण आहे.

त्या दिवशी सकाळी उमललेले, फांदीच्या पहिल्या जागेवरचे सर्वांत वरचे पांढरे फूल शोधावे आणि त्याच्या वर खोडाला किती पेरे आहेत ते मोजावे. फुलोरा सुरू होताना हा आकडा जोमदार पिकात 8-9 असतो. बोंडांचा भार वाढत गेला की तो उतरतो, आणि 5 वर आला की झाडाने वाढ स्वतःच आवरती घेतली आहे असे समजावे. अशा पिकात शेंडा खुडण्याने विशेष काही मिळत नाही. वावरात पाच-सहा ठिकाणी मिळून वीसेक झाडे मोजली तर सरासरी कळते. हलक्या, बरड जमिनीत सप्टेंबरच्या सुरुवातीलाच आकडा 5 च्या खाली आलेला मी पुष्कळदा पाहिला आहे, आणि तेथे मी शेंड्याला हात लावत नाही. उलट काळ्या भारी जमिनीत पाऊस चांगला झाला असेल, तर त्याच तारखेला आकडा 7-8 असतो आणि झाड कमरेच्या वर जाऊ पाहते. तेथे खुडणी खरोखर कामाची ठरते. खुडताना वरची एक ते दीड इंचाची कोवळी टोकरी तेवढी काढावी. वीतभर शेंडा तोडला तर लागलेली पातीही जातात.

खुडणीचा आणखी एक लाभ किडीच्या बाजूने आहे. अमेरिकन बोंडअळीचा पतंग अंडी बहुधा झाडाच्या वरच्या कोवळ्या भागावर घालतो. खुडलेले शेंडे पिशवीत गोळा करून वावराबाहेर नेऊन नष्ट केले तर त्या अंड्यांचा काही भाग जातो. तेथेच टाकले तर हा लाभ अर्धाच मिळतो. गुलाबी बोंडअळीच्या बाबतीत फायदा असा की उशिराची पाती आणि हिरवी बोंडे कमी राहतात, आणि डिसेंबरअखेर पीक काढून वावर रिकामे करणे सोपे जाते. पण खुडणी केली म्हणून कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावायचे सोडू नयेत. एकरी दोन सापळे लावावेत, आणि सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ-आठ पतंग आले, किंवा दहा टक्के फुले-बोंडे किडलेली दिसली, तर उपाय करावाच लागतो.

वाढरोधकाकडे येतो. मेपिक्वाट क्लोराईड आणि क्लोरमेक्वाट क्लोराईड ही दोन औषधे आपल्याकडे वापरतात. झाडात जिबरेलिन नावाचे जे संप्रेरक पेरे लांब करते, त्याची निर्मिती ही दोन्ही औषधे कमी करतात. त्यामुळे फवारणीनंतर येणारे पेरे आखूड राहतात आणि पाने गडद हिरवी दिसतात. आधीच लांबलेला पेरा त्यांनी आखूड होत नाही, म्हणून झाड छातीला लागल्यावर केलेली फवारणी वाया जाते. फवारायचे की नाही हे ठरवताना मी शेंड्यापासून चौथ्या आणि पाचव्या गाठींमधील अंतर पाहतो. ते दोन इंचांपेक्षा जास्त असेल, जमिनीत ओल भरपूर असेल आणि पुढेही पाऊस दिसत असेल, तरच विचार करावा. पावसाने दडी मारली असताना फवारले तर आधीच थांबलेले झाड आणखी थांबते, आणि पाऊस परत आल्यावरही त्याला लवकर जोर धरता येत नाही. कोरडवाहू शेतात हा धोका दर वर्षी असतो, कारण ऑगस्टमध्ये किती दिवसांची उघडीप पडेल हे कोणाच्याच हातात नाही. सघन लागवडीत, म्हणजे 90 बाय 15 सेंटिमीटरवर, एकरी 30 हजारांच्या जवळपास झाडे असतात. तेथे एकेका झाडाची फांदी कापणे परवडत नाही आणि वाढरोधकाला खरी जागा आहे. तुमच्या वावरात मला ती दिसत नाही.

तरीही कोणी फवारणारच असेल तर मात्रा लेबलप्रमाणेच ठेवावी, पंपात दुसरे कीटकनाशक, टॉनिक आणि विद्राव्य खत एकत्र घालू नये, आणि हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे घालूनच वावरात जावे. 2017 च्या हंगामात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर दगावले. त्या वर्षी पऱ्हाटी डोक्याएवढी वाढली होती आणि फवारा अंगावर, तोंडावर येत होता, हे ज्यांनी पाहिले त्यांना ठाऊक आहे. झाडाची उंची आटोक्यात ठेवण्यामागे माझ्या मनात उत्पन्नाइतकेच हेही कारण आहे. कमरेएवढ्या पिकात फवारणारा माणूस सुरक्षित राहतो आणि औषधही खालच्या पानांपर्यंत पोहोचते.

हात न लावता ठेवलेल्या पिकाबद्दलही न्यायाने बोलले पाहिजे. हलकी जमीन, विरळ अंतर, ओळीत पडलेल्या तुटी, किंवा जुलैतील उशिराची पेरणी, यांपैकी काहीही असेल तर गळफांद्या ठेवणेच शहाणपणाचे आहे. शेजारचे झाड मेलेले असेल तर गळफांदी ती मोकळी जागा भरून काढते. म्हणून एकाच वावरातसुद्धा सरसकट एकच नियम लावू नये. तुटीच्या दोन्ही बाजूंच्या झाडांवरील गळफांद्या मी ठेवायला लावतो. आणखी एक, ज्या वावरात युरिया गरजेपेक्षा जास्त पडला आहे तेथे झाडाचा माज कात्रीने आवरत नाही. तेथे पुढचा हप्ता कमी करणे हा पहिला उपाय आहे. ढगाळ हवेत किंवा पाणी साचल्यावर होणारी पातेगळही यांपैकी कोणत्याच पद्धतीने थांबत नाही, ती आशा ठेवू नये.

तुमच्या तीन एकरांपुरते सांगायचे तर, अंतर 4 बाय 1 आहे, जमीन मध्यम आहे आणि पीक सव्वा महिन्याचे आहे, म्हणजे गळफांद्या काढण्याची वेळ हीच आहे. निंदण आटोपले असेल तर येत्या आठ-दहा दिवसांत त्या काढा, तुटी पडल्या आहेत तेथे सोडा. वाढरोधक या वर्षी घेऊ नका. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात वरच्या पांढऱ्या फुलाच्या वरचे पेरे मोजा. सरासरी 6 किंवा जास्त निघाली तर शेंडा खुडा, 5 किंवा कमी असेल तर मजुरी वाचवा. बोंडे भरू लागली की झाडाची नत्राची मागणी वाढते आणि मध्यम जमिनीत पाने लाल पडू लागतात, म्हणून त्या सुमारास 2 टक्के युरिया किंवा डीएपीची फवारणी, म्हणजे 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम, करून घ्यावी. एकाच वेळी भरपूर बोंडे धरलेल्या झाडाला हा आधार जास्त लागतो.

सर्व तीन एकरांत न करता आठ ओळींचा एक पट्टा गळफांद्यांसह तसाच ठेवावा अशीही माझी विनंती आहे. पट्टा धुऱ्यालगतचा नसावा, कारण काठाच्या झाडांना उजेड जास्त मिळतो आणि तुलना फसते. शेजारचा तेवढ्याच लांबीचा कापलेला पट्टा धरून दोन्हींचा प्रत्येक वेचा वेगळ्या गाठोड्यात बांधून तोलावा आणि तारखेसह लिहून ठेवावा. केवळ एकूण वजन पाहू नये. पहिल्या दोन वेच्यांत किती आले ते महत्त्वाचे आहे, कारण लवकरचा कापूस स्वच्छ असतो, त्यात कवडी कमी असते आणि गुलाबी अळीच्या तावडीतून तो आधीच सुटलेला असतो. एकूण वजन सारखे येऊनही गळफांद्या काढलेल्या पट्ट्याचा पहिला वेचा जड येतो, असे माझ्या वावरात बहुतेक वर्षी दिसते. तुमच्या जमिनीत तसे होते की नाही हे तुमचा काटाच सांगेल, आणि मजुरी वजा करून परवडते की नाही हेही.

तुरीच्या ओळीला मात्र कपाशीचा नियम लावू नका. कपाशीत आपण शेंडा उशिरा खुडतो तो वाढ थांबवण्यासाठी. तुरीत लवकर खुडतो तो फांद्या वाढवण्यासाठी. तुरीचा शेंडा असेपर्यंत खालचे डोळे दबलेले राहतात, तो गेला की बगलेतून फांद्या फुटतात, आणि तुरीला फुले-शेंगा फांद्यांच्या टोकाकडे लागत असल्याने जितकी टोके जास्त तितके झुबके जास्त. पहिली खुडणी 45 ते 50 दिवसांनी, झाड दोन-अडीच फुटांचे असताना करावी, आणि जमीन भारी असेल तर दुसरी 65 दिवसांच्या सुमारास. हाताने वरची दोन इंच टोकरी खुडली तरी पुरते. फवारणी पंपाच्या बॅटरीवर चालणारी खुडणी यंत्रे आता गावोगावी मिळतात आणि सलग तुरीत त्यांनी वेळ वाचतो, पण आठ ओळींमागे एक ओळ असलेल्या तुमच्या वावरात दोन माणसे एका सकाळी हे काम हाताने उरकतील. सप्टेंबर उजाडल्यावर कोरडवाहू तुरीचा शेंडा खुडू नये. दिवस लहान होऊ लागले की तूर फुलोऱ्याकडे वळते. त्या वेळी खुडली तर ती पुन्हा पालवी काढते, फुलोरा मागे जातो आणि शेंगा भरायच्या वेळी जमिनीतली ओल संपलेली असते.

तुमची तूर कपाशीबरोबरच पेरलेली असेल तर तिची पहिली खुडणी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात येते. गळफांद्यांचे काम त्याआधी उरकले तर त्याच मजुरांना पुढे तुरीकडे वळवता येईल.